काळी, मळी आणि चोपण : दख्खनच्या नदीखोऱ्यांतील मातीची घडण

भीमा, नीरा, कृष्णा, प्रवरा आणि गोदावरी या नद्यांच्या काठची सपाटी गंगेच्या मैदानासारखी अथांग नाही. गंगेने हिमालयातून आणलेल्या गाळाचे थर शेकडो मीटर खोल आहेत. दख्खनमधल्या नद्या मात्र कठीण काळ्या पाषाणाच्या पठारावरून वाहतात आणि त्यांच्या गाळाचे पट्टे अरुंद आहेत. नदीपासून काही किलोमीटर दूर गेले की मुरूम लागतो, त्यापुढे माळ आणि टेकड्या. तरीही सोलापूरची ज्वारी, सांगली-कोल्हापूरचा ऊस, अकोल्या-अमरावतीचा कापूस आणि नगर जिल्ह्यातली पाटपाण्याची शेती ही सगळी मुख्यतः या पट्ट्यांच्या आणि त्यांना लागून असलेल्या खोलगट काळ्या रानांच्या जोरावर उभी आहे. ही माती हवामानाने तयार केली आणि भूरूपाने तिची वाटणी केली. गेल्या दीडशे वर्षांत शेतीने तिचे पाणी बदलले, आणि त्या बदलाचे परिणाम आता स्पष्ट दिसू लागले आहेत.

मुळाशी आहे तो बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून अधिक भाग आजही याच खडकाचा आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह यांनी हा खडक समृद्ध आहे, सिलिका त्यात तुलनेने कमी आहे. तो झिजतो तेव्हा वाळू फारशी उरत नाही, उरते ती चिकणमाती. ही चिकणमाती कोणत्या जातीची होणार, हे मात्र पाऊस ठरवतो.

कृष्णा उगम पावते त्या महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर, माण तालुक्यात, तो जेमतेम 500 मिलिमीटर भरतो. खडक दोन्हीकडे तोच, माती मात्र पूर्ण वेगळी. घाटमाथ्यावर धो धो पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिकासुद्धा धुऊन नेली. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियम. त्यातून तांबडी, आम्लधर्मी माती आणि जांभा दगड तयार झाला. पर्जन्यछायेत ही धुलाई होत नाही. सुटलेली मूलद्रव्ये जागेवर किंवा जवळपासच राहतात आणि त्यांच्यापासून स्मेक्टाइट जातीची, पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती बनते. काळ्या रानाचे सगळे गुण आणि सगळे दोष या एका खनिजातून येतात.

भीमेच्या किंवा वऱ्हाडातल्या पूर्णेच्या काठी जेवढी खोल आणि जेवढ्या चिकणाची माती आज दिसते, तेवढी आजच्या तुटपुंज्या पावसात तयार होणे अवघड आहे. मृदाशास्त्रज्ञांचा निष्कर्ष असा की हे चिकण पूर्वीच्या अधिक ओल्या हवामानात वरच्या उतारांवर बनले, पाण्याबरोबर खाली आले आणि खोलगट भागांत साचले. त्यानंतर हवामान कोरडे झाले. म्हणजे काळी जमीन एका हवामानात बनली आणि दुसऱ्या हवामानात जगते आहे. पुढे येणाऱ्या क्षारांच्या प्रश्नाचे मूळ याच विसंगतीत आहे.

काळ्या रंगाबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. माती काळी म्हणजे सेंद्रिय खताने भरलेली, असे समजले जाते. दख्खनच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्यापेक्षाही कमी असतो. जो थोडा असतो तो स्मेक्टाइटच्या कणांना घट्ट चिकटून राहतो आणि तेवढाच सगळ्या मातीला गडद रंग देतो. रंग पाहून कस ठरवणारा फसतो.

उतार आणि वाटणी

एखाद्या ओढ्याच्या पाणलोटात टेकडीच्या माथ्यापासून नदीपर्यंत चालत गेले तर मातीची वाटणी पायाखालीच उलगडत जाते. माथ्यावर वीतभर मातीखाली मुरूम किंवा कातळ असतो. ही बरड, खडकाळ जमीन. तिथे गवत, कुळीथ, फार तर बाजरी. उताराच्या मधल्या टप्प्यात हात-दीड हात खोलीची मध्यम काळी. पायथ्याशी आणि ओढ्याच्या बगलेला एक मीटरहून खोल भारी काळी. वरून धुऊन आलेले बारीक कण इथे येऊन थांबले, जाड कण वरच राहिले. एकाच शिवारात शंभर-दोनशे मीटरच्या अंतराने जमिनीचा भाव दुप्पट-तिप्पट होतो, त्याचे कारण या वाटणीत आहे.

नदीच्या अगदी काठाला आणखी एक पट्टा असतो, त्याला कृष्णाकाठी मळी म्हणतात. पूर ओसरताना बसलेल्या पोयट्याची ही जमीन. नदी काठ ओलांडते तेव्हा पाण्याचा वेग एकदम मंदावतो. जरा जाड, भुसभुशीत कण तिथेच पडतात, बारीक चिकण पुढे लांबच्या सखल भागात जाऊन निवळते. त्यामुळे काठावरची जमीन किंचित उंच, मोकळी आणि निचऱ्याची राहते, तर काठापासून आत गेल्यावर जमीन उलट सखल आणि भारी होत जाते. कृष्णाकाठच्या वांग्यांचा नावलौकिक मळीच्या मातीने घडवला. क्षार फुटतो तो आतल्या सखल पट्ट्यात.

नद्यांनी हे पट्टे सारख्या गतीने रचलेले नाहीत. पुण्याच्या विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी 1980 च्या दशकात पश्चिम दख्खनमधल्या नद्यांच्या गाळाचा कालक्रम लावला. हिमयुगाच्या अखेरच्या कोरड्या काळात मोसमी पाऊस दुबळा होता. उतारांवर झाडोरा कमी, नदीत पाणी कमी, त्यामुळे येणारा गाळ वाहून नेण्याची ताकद नद्यांत उरली नाही आणि पात्रे भरत गेली. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी पाऊस जोर धरू लागला तेव्हा त्याच नद्यांनी आपलाच गाळ कापून पात्रे खोल केली. आज प्रवरा, घोड किंवा कुकडी यांच्या काठी पिवळसर तांबूस मातीचे उंच कडे दिसतात ते या कापाकापीचे. त्यांत तळाशी गोट्यांचे थर, वर रेती, वर चुनखडीच्या खड्यांनी भरलेली गाळमाती असा क्रम उघडा पडलेला असतो. कुकडीकाठी बोरी येथे अशाच थरांत ज्वालामुखीच्या राखेचा पट्टा सापडला. ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची की त्याहून कितीतरी जुनी, यावर अभ्यासकांत मोठा वाद झाला.

पात्र खोल गेले की काठच्या गाळाला ओघळी पडू लागतात. संगमनेर परिसरात प्रवरेच्या काठी अशा घळींचे जाळे आहे. तिथे चांगली गाळमाती आहे, पण ती सपाट राहिलेली नाही. अलीकडे यंत्रे लावून या घळी सपाट करून शेते काढली जातात. वरवर पाहता जमीन वाढते, मात्र भरावाची माती सैल असते आणि मोठ्या पावसात पाणी पुन्हा जुनी वाट शोधते.

भेगांची जमीन

स्मेक्टाइट ओले झाले की फुगते, वाळले की आक्रसते. भारी काळ्या रानात चिकणाचे प्रमाण 50 ते 60 टक्के किंवा त्याहून जास्त असते, म्हणून ही हालचाल सगळ्या जमिनीची होते. चैत्र-वैशाखात मंगळवेढ्याच्या रानात हात सहज जाईल एवढ्या रुंद, मीटरभर खोल भेगा पडतात. वरची भुगा झालेली माती, जनावरांचे शेण, धसकटे त्यांत पडतात. पहिला वळीव झाला की पाणी या भेगांतून थेट खाली उतरते, खालचा थर आधी ओला होतो, फुगतो आणि भेगा मिटतात. भेगेत पडलेल्या मातीला आता जागा पुरत नाही, ती बाजूला आणि वर ढकलली जाते. अशा रानात खड्डा खणला तर दीड-दोन हातांखाली चकाकणारे, गुळगुळीत घासलेले तिरपे पृष्ठ दिसतात. मातीचे ठोकळे एकमेकांवर घसरून ते तयार होतात. इतर मातीत वरचा थर आणि खालचा थर स्पष्ट वेगळे असतात, काळ्या जमिनीत ते सतत मिसळत राहतात. विहिरींचे बांधकाम तडकणे, घराच्या भिंती फाटणे, कुंपणाचे खांब कलणे हे सगळे या हालचालीचे काम. जुनी गावे नदीकाठच्या उंचवट्यावर किंवा मुरमावर बसली, काळ्या रानात बसली नाहीत, याचे एक कारण हे आहे.

भेगा मिटल्यानंतर हीच जमीन जवळजवळ बंद होते. पाणी मुरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. पण एकदा आत गेलेले पाणी ती सोडत नाही. मीटरभर खोलीत सुमारे 200 मिलिमीटर पाणी पिकाला उपयोगी पडेल अशा रीतीने साठते. सोलापूर जिल्ह्यातली रब्बी ज्वारी पावसाळा संपल्यावर पेरली जाते आणि बहुतांशी या साठ्यावर पिकते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी, म्हणजे एम 35-1, ही जात गेली कित्येक दशके या पट्ट्यात टिकून आहे, कारण तिचे गुण या मातीच्या वेळापत्रकाला जुळतात. शेतकऱ्याचे सारे कसब वाफसा ओळखण्यात असते. जमीन जास्त ओली असली तर कुळवाला चिकटते, जास्त वाळली तर ढेकळे फुटत नाहीत. मधले चार-सहा दिवस पेरणीचे. पेरणीनंतर दोन-तीन वेळा कोळपे फिरवायचे, ते तणासाठी आणि तितकेच भेगा बुजवण्यासाठी. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे या भागात म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. उघड्या भेगेच्या दोन्ही भिंतींतून ओल उडून जाते.

या पद्धतीची एक किंमत आहे. रब्बीसाठी रान राखायचे म्हणजे जून ते सप्टेंबर ते मोकळे ठेवायचे. नेमका तेव्हा पाऊस पडतो. भेगा मिटलेल्या, पीक नसलेल्या जमिनीवर पडलेला जोराचा पाऊस माती घेऊनच ओढ्याला जातो. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे इक्रिसॅट या संस्थेने 1976 पासून अशा काळ्या जमिनीवर दीर्घकाळ मोजणी केली. पावसाळ्यात पडीक ठेवलेल्या पारंपरिक रानातून हेक्टरी वर्षाला सरासरी साडेसहा टनांच्या आसपास माती गेली. रुंद वरंबे आणि सरी पाडून पावसाळ्यातही पीक घेतलेल्या रानातून दीड टनाच्या आसपास गेली. बेसाल्टपासून इंचभर माती बनायला शेकडो वर्षे लागतात, हे लक्षात घेतले तर साडेसहा टनांचा अर्थ कळतो.

वाहून गेलेली माती नाहीशी होत नाही, ती खालच्या धरणात बसते. जायकवाडी 1976 मध्ये, उजनी 1980 मध्ये पूर्ण झाले, त्याआधी कोयना. गाळ धरणात अडू लागल्यापासून खालच्या मळीला मिळणारा दरवर्षीचा पोयटा घटला. पूर येतात, 2005, 2019 आणि 2021 मध्ये कृष्णा-पंचगंगेला फार मोठे आले, पण पुराचे पाणी आठवडाभर साचून राहिले की उसाची मुळे गुदमरतात आणि ओसरताना नेहमी मळीच ठेवून जाते असे नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सीना आणि मराठवाड्यातल्या नद्यांच्या पुरांनी काठची रानेच्या राने खरडून नेली, मागे मुरूम आणि दगडगोटे उरले. अशा जमिनीला पुन्हा माती लागते ती बाहेरून आणूनच. तलावांतला गाळ उपसून माळरानावर पसरण्याची जुनी रीत 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेत आली. हलक्या मुरमाड जमिनीला या गाळाने ओल धरण्याची ताकद येते. भारी काळ्या जमिनीवर तो टाकणे मात्र व्यर्थ, कधी अपायकारकही.

शेतीचे ठसे

या खोऱ्यांत शेती नवी नाही. घोड नदीकाठी शिरूर तालुक्यात इनामगाव येथे 1968 ते 1983 या काळात झालेल्या उत्खननात इसवी सनपूर्व 1600 ते 700 दरम्यानची वसाहत उजेडात आली. तिथले लोक जव पिकवत होते आणि पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी कालवा आणि बांध घातला होता. वसाहतीच्या अखेरच्या काळात शेती आटली, घरे लहान झाली आणि जनावरांवरची भिस्त वाढली. उत्खनकांनी त्याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. अशा जुन्या वस्त्यांची राख, शेण आणि भिंतींची माती मिळून गावोगाव पांढरी तयार झाली. काळी कसायची आणि पांढरी राहायची, अशी विभागणी महसुली भाषेतही रूढ झाली. पांढरीची माती खत म्हणून शेतात ओढून नेण्याची रीत होती, म्हणजे वस्तीतून शिवारात कस परत जात होता.

मातीचे पाणी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात बदलले ते कालव्यांनी. नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला. अवर्षणप्रवण पुणे जिल्ह्याला दुष्काळातून सोडवणे हा हेतू होता आणि ज्वारी-बाजरीला संरक्षक पाणी मिळेल अशी कल्पना होती. पाणी गेले उसाला. पंचवीस वर्षांत खोऱ्यातली सखल राने पांढरी पडली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. तम्हाणे यांनी 1910 मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अहवाल प्रसिद्ध केला. क्षार कालव्याने बाहेरून आणलेला नसून जमिनीतलाच होता, पाझरून वाढलेल्या भूजलाने तो वर आणला, आणि उपाय निचरा हाच, ही बाब तेव्हाच स्पष्ट झाली होती. पुढे निचऱ्याची काही कामेही झाली. असे असताना पुढच्या प्रत्येक पाटबंधाऱ्यात पाणी देण्याची सोय आधी आणि पाणी काढण्याची सोय नंतर किंवा कधीच नाही, हा क्रम कायम राहिला. यापेक्षा मोठी चूक दख्खनच्या सिंचनात झालेली नाही.

जमिनीतल्या क्षारांत पाण्याबरोबर येणाऱ्या क्षारांचीही भर पडते, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. लिटरमागे अर्धा ग्रॅम विरघळलेले क्षार असलेले पाणी पिण्यालाही चालते. असे एक मीटर उंचीचे पाणी एका हेक्टरला दिले, म्हणजे एक कोटी लिटर, तर त्याबरोबर पाच टन क्षार शेतात येतात. पीक पाणी घेते, क्षार मागे ठेवते. अडसाली उसाला तर याच्या दुपटीहून जास्त पाणी दिले जाते, मोकाट दिले तर कितीतरी अधिक. निचरा असेल तर पावसाळ्यात क्षार धुऊन जातात. भारी काळ्या जमिनीत पाणी खाली सरकत नाही, भूजल वर येते, पृष्ठभागाशी आले की उन्हाने उडते आणि पांढरी पापडी राहते. वाळवा, मिरज, पलूस, शिरोळ, हातकणंगले या तालुक्यांत सहकारी उपसा योजनांनी बारमाही पाणी आणले आणि त्यामागून क्षारपड जमीन आली. आधी उसाच्या फडात एखादा खड्ड्यासारखा भाग दिसतो, तिथे उगवण विरळ, पाने करपलेली. दोन-तीन वर्षांत तो पसरतो. मग ऊस जातो आणि रानात लव्हाळा व वेडी बाभूळ माजते.

खारवट आणि चोपण यांत फरक आहे. खारवट जमिनीत क्षार असतात, पण माती मोकळी राहते; पाण्याने धुता येते. चोपण जमिनीत चिकणाच्या कणांवर कॅल्शियमच्या जागी सोडियम बसलेले असते. त्यामुळे कण एकमेकांपासून सुटतात, बारीक छिद्रे बुजतात. पावसात अशी जमीन निसरडा राडा होते, वाळली की दगडासारखी होते, आणि वरून कितीही पाणी दिले तरी खाली जात नाही. आधी जिप्समने सोडियम हटवून, धैंचा किंवा तागाची हिरवळ गाडून तिला मोकळी करावी लागते, मगच धुलाई शक्य होते.

सिंचनाशिवायही चोपण होते, याचा पुरावा पूर्णा खोरे देते. तापीची उपनदी असलेली ही पूर्णा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून एका खचलेल्या खोलगटात वाहते. इथला गाळ दख्खनच्या इतर खोऱ्यांपेक्षा कितीतरी जाड आहे आणि भूजल खारे आहे. सुमारे पावणेपाच लाख हेक्टरच्या या खारपाणपट्ट्यात कालव्याचे पाणी कधी फारसे नव्हते. कोरड्या हवामानात मातीतले कॅल्शियम चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने बाहेर पडत गेले आणि चिकणाच्या कणांवर सोडियमचा वाटा आपोआप वाढला. तो 15 टक्क्यांवर गेला की जमीन चोपण मानावी, असा जगभरचा दंडक आहे. पूर्णा खोऱ्यातल्या अभ्यासांत मात्र 5 टक्क्यांच्या आसपासच पाणी मुरणे मंदावल्याचे आढळले. बाहेरचे मापदंड जसेच्या तसे लावले असते तर इथली खराब जमीन चांगलीच ठरली असती. या पट्ट्यात विहिरीचे पाणी ओलिताला घातक असल्याने पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवणे हाच भरवशाचा मार्ग आहे. 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या गावांचा वेगळा विचार झाला, तो याच कारणाने.

उलट बाजूचे उदाहरणही दख्खनमध्ये आहे. काही बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजे असतात. ती झिजताना कॅल्शियम सोडत राहतात. अशा खडकावरची काळी जमीन कोरड्या भागातही मोकळी राहते, सोडियम तिच्यावर मात करू शकत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. एकाच पावसात, एकाच पिकाखाली, शेजारशेजारच्या दोन गावांची जमीन वेगळी का वागते, याचे उत्तर कधी कधी खालच्या खडकात असते.

बिघडलेली जमीन दुरुस्त होते, हे कृष्णाकाठी सिद्ध झाले आहे. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने सच्छिद्र नळ्यांच्या भूमिगत निचऱ्याची शिफारस केली. शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी गट करून मोठ्या क्षेत्रावर तो बसवला. साधारण चार फूट खोलीवर नळ्या टाकायच्या, त्या मुख्य वाहिनीला जोडायच्या आणि वाहिनी नाल्याला सोडायची. दोन-तीन पावसाळ्यांत क्षार उतरतात आणि ऊस पुन्हा उभा राहतो. हे काम एकट्या शेतकऱ्याचे नाही. वरच्या शेताचे खारे पाणी खालच्याच्या रानात सोडून चालत नाही, शेवटी ते नाल्यालाच गेले पाहिजे. बहुतेक शिवारांत जुने नाले नांगरून शेतात घेतलेले आहेत किंवा भराव टाकून बुजवलेले आहेत. क्षारपड गावांनी नळ्यांचा ठेका देण्याआधी गावनकाशावरचे नाले जागेवर शोधून मोकळे करावेत. ऊस लावणाऱ्या प्रत्येकाने मातीचा नमुना वीतभर खोलीचा घेऊन न थांबता तीन फुटांवरचाही तपासून घ्यावा, कारण क्षार वर दिसण्याआधी काही वर्षे खाली असतात.